डोईफोडे बाईंचं लायसन्स

"क्लच!" मी ओरडले.

मागच्या सीटवरून आईनं स्टीलच्या डब्यावर चमचा दोनदा वाजवला. त्याचाही अर्थ क्लच असाच होता. तरी डोईफोडे बाईंनी दाबला तो ब्रेक, आणि आमची पांढरी मारुती उड्डाणपुलाच्या ऐन चढावर एक गचका खाऊन गप्प झाली. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा दाबला तो सोडेचना.

"आता काय करू?" बाईंनी विचारलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, नजर समोर.

"हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा, चावी फिरवा, क्लच दाबून पहिला टाका, मग क्लच हळूहळू सोडत ॲक्सिलरेटर द्या आणि त्याच वेळी हँडब्रेक..."

"मंजिरी," बाई शांतपणे म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट सांगावी. तिसरीत मी तुला सगळे पाढे एकदम शिकवले होते का?"

आईनं डब्यावर तीनदा चमचा वाजवला.

एक म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे क्लच. तीन म्हणजे 'गप्प बस', आणि ती खूण फक्त माझ्यासाठी होती.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, परभणीतली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि तीनच आठवड्यांपूर्वी मला कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळालं होतं. दोनशे सात तास हवेत काढून झाले होते. एकटीनं नागपूरपर्यंत विमान नेऊन परत आणलं होतं. आणि आता त्या पुलावर, ट्रॅक्टरच्या भोंग्यात, मला एका बासष्ट वर्षांच्या बाईला क्लच कधी सोडायचा ते सांगता येत नव्हतं.

माझी आई, इंदुमती कच्छवे, एकोणीस वर्षं कच्छवे मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत होती. बाबा पूर्णेला रेल्वेत. आठवड्याचे पाच दिवस तिकडेच असायचे. स्कूल म्हणजे बसस्टँडमागची एक खोली, एक मारुती आणि आई. मारुतीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक. त्या सीटवर बसून आईनं निम्म्या परभणीला गाडी शिकवली आणि शिकवताना जे ओरडायची, ते ओरडून ओरडून शेवटी तिचा घसा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. आईनं सगळ्यांच्या शिकवण्या पुढे ढकलल्या. डोईफोडे बाईंची मात्र ढकलता येईना, कारण त्यांची परीक्षा सोमवारी होती आणि शिकाऊ लायसन्सची मुदत मंगळवारी संपत होती. त्या आधी दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्या वेळी गाडी कडुलिंबाच्या पारावर चढली होती. दुसऱ्या वेळी सगळं छान चाललेलं असताना शेजारी बसलेले साहेब खोकले, आणि बाईंना वाटलं त्यांनी थांबायला सांगितलं.

मी गुरुवारी घरी पोचले तेव्हा आईनं शाळेतल्यासारखी एक पाटी गळ्यात अडकवली होती. माझी बॅग खाली ठेवायच्या आत तिनं त्यावर लिहिलं: 'उद्यापासून बाईंना तू शिकव.'

"मी? आई, मी विमान चालवते."

तिनं पुसून लिहिलं: 'मग गाडी सोपी आहे.'

खरं तर मी घरी गाडी शिकवायला आले नव्हते. मी ठरवायला आले होते. माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या आणि दोन्हींची मुदत सोमवार दुपारपर्यंत. एक, दिल्लीतल्या चार्टर कंपनीत को-पायलटची जागा. छोटं जेट, मोठी माणसं, आज जयपूर तर उद्या दुबई. दुसरी, आमच्याच फ्लाइंग क्लबमध्ये शिकवायची. आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर कॅप्टन सोनटक्के मी निघताना मला म्हणाले होते, "कच्छवे, माझ्याकडे राहा. तीन महिने तयारी, मग परीक्षा, मग असिस्टंट इन्स्ट्रक्टर. तुला शिकवता येईल असं मला वाटतं. सोमवारी बारापर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला विचारतो."

आमच्या हॉस्टेलवर म्हणायचे, ज्याला कुठे नोकरी नाही तो इन्स्ट्रक्टर. मला तर कुठेतरी नोकरी होती! आणि खरं कारण वेगळंच होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानपणी आई मला शाळेतून न्यायला यायची ती शिकवणीच्या गाडीतून, शिकणाऱ्याला चालवायला लावून. ती गाडी उड्या मारत फाटकाशी येऊन थांबायची आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "मंजीचा उंट आला! मंजीचा उंट आला!" मी पायलट झाले त्यात त्या उंटाचाही थोडा हात होता. आणि आता सोनटक्के सर मला पुन्हा त्याच सीटवर बसायला सांगत होते. सेसनालाही, म्हणजे शिकवायच्या छोट्या विमानालाही, डबल कंट्रोल असतो. शिकवणाऱ्यासमोरही एक जास्तीचा दांडा असतो. उंटाला फक्त पंख फुटले होते.

तर मी मनात दिल्लीला हो म्हणून टाकलं होतं. सोमवार यायची वाट होती, एवढंच.

शुक्रवारी त्या पुलावरून आम्ही कशा उतरलो ते मला आजही नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी ट्रॅक्टरवालाच उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, "मावशी, घाबरू नका, मी थांबलोय मागं." त्यावर बाई म्हणाल्या, "मी घाबरलेली नाही. माझी शिक्षिका घाबरलीय."

खाली आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, म्हणजे मी स्टिअरिंग खेचून घ्यायला लावली, आणि पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला.

"तुला सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "आमच्या विश्वंभरनं सांगितलंय, आई, यावेळी नापास झालीस तर गाडी विकून टाकू. सात महिने झाले, गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. मी रोज सकाळी ताडपत्री काढते, पुसते आणि परत झाकते. गल्लीतले लोक विचारतात, बाई, आत काय ठेवलंय?"

"तुम्हाला गाडी कशाला हवीय पण?" मी विचारलं. थोडं चिडूनच.

"मिस्टर होते तोवर स्कूटरवर मागे बसले. नोकरीत होते तोवर एसटीत बसले. आता विश्वंभर म्हणतो, कुठं जायचं ते सांग, मी सोडतो. तो चांगला आहे, खरंच सोडतो. पण आधी विचारतो, कशाला जायचंय?" त्यांनी चष्मा लावला. "मला कशालाच जायचं नसतं गं. नुसतं जायचं असतं."

मागून चमचा वाजला नाही. आरशात पाहिलं तर आई खिडकीबाहेर बघत होती.

शनिवारी सकाळी आम्ही जिनिंगच्या आवारात गेलो. कापसातली सरकी वेगळी काढायचा तो कारखाना कधीच बंद पडला होता. मालकांनी आईला ते आवार नवशिक्यांसाठी वापरू दिलं होतं. मोठी मोकळी जागा, काळी माती दबून सिमेंटसारखी झालेली, एका बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये कुणाच्या तरी सात-आठ म्हशी.

मी ठरवून आले होते की आज ओरडायचं नाही. ओरडले नाही. त्याऐवजी ब्रेक मारले. बाई वळणावर जरा जोरात गेल्या की ब्रेक. भिंत दिसली की ब्रेक. एकदा शेडवर कावळा बसला तेव्हाही मारला. प्रत्येक वेळी गाडी गचका देऊन थांबायची, बाई माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "काय चुकलं?" मी म्हणायचे, "काही नाही, पुढे चला." तासाभरानं बाईंचं असं झालं की त्या पाच फूट जायच्या आणि आपण होऊन माझ्या तोंडाकडे बघायच्या.

आईनं तीन चमचे वाजवले. मग पुन्हा तीन. मग तिनं चमचा ठेवला, मागचं दार उघडून उतरली आणि माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. पाटीवर लिहिलं:

'तू किती वेळा ब्रेक मारलास?'

"कोण मोजतंय?"

तिनं स्कूलचं रजिस्टर उघडून दाखवलं. मागच्या पानावर रेघोट्या होत्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यात. मागे बसून तिला माझा पाय दिसत नव्हता, पण कुठला गचका कुणाच्या पायाचा हे तिला पाठीच्या मणक्यातून कळत असणार. पाटीवर तिनं लिहिलं: '४१.' त्याच्याखाली लिहिलं: 'गरज होती २.'

"आई, त्या भिंतीवर घालतील!"

आईनं पाटी पुसली.  मग लिहिलं: 'मांडी घाल.'

"काय?"

तिनं खडूनं माझ्या पायांकडे दाखवलं आणि मग सीटकडे.

मी चपला काढल्या आणि शिकवणाऱ्याच्या सीटवर पंगतीला बसल्यासारखी मांडी घालून बसले. माझा क्लच आणि माझा ब्रेक खाली कुठेतरी लांब राहिले. मला आठवतं, मला तेव्हा खरोखर चक्कर आल्यासारखं झालं. मी सहा हजार फुटांवर इंजिन बंद करून विमान वळवलं होतं, तेव्हा असं झालं नव्हतं. आई परत मागे जाऊन बसली. डबा तिनं पायाशी ठेवून दिला.

"चला," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आला.

बाईंनी पहिला टाकला. गाडी हलली. दुसरा. शेडच्या बाजूनं वळल्या, जरा मोठं वळण घेतलं, आणि तेवढ्यात एक म्हैस उठून आवाराच्या मधोमध आली आणि तिथेच थांबली. रवंथ करत, आमच्याकडे बघत.

मी काही बोलले नाही.  म्हैस मोठी होत गेली. तिच्या शिंगावरचा शेणाचा वाळका डाग मला दिसायला लागला. मांडीतला माझा उजवा पाय आपोआप खाली निघाला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मागे आईनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. न बोलणाऱ्या माणसाचा श्वास फार मोठ्यानं ऐकू येतो.

गाडी थांबली.

गचका न देता थांबली. इंजिन चालूच होतं. म्हशीच्या कुशीत आणि बोनेटमध्ये एका हाताचं अंतर असेल. म्हशीनं खाली वाकून बोनेट हुंगलं.

"मंजिरी," बाई खूप हळू म्हणाल्या, "तू थांबवलीस?"

मी माझ्या मांडीकडे बोट दाखवलं.

बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. खालच्या रिकाम्या ब्रेककडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जे क्लच आणि ब्रेक दोन्ही घट्ट दाबून होते.

"म्हणजे मी थांबवली?"

"तुम्हीच."

"क्लचसुद्धा मीच दाबला?"

"नाहीतर बंद पडली असती."

आणि मग डोईफोडे बाई हसल्या. तिसरीच्या अख्ख्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आमच्यात तर पैज लागायची त्यावरून. त्या आधी नाकातून हसल्या, मग तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात काढून टाकून इतक्या मोठ्यानं हसल्या की म्हैस बाजूला झाली.

"पुन्हा!" त्या म्हणाल्या.

पुन्हा म्हणजे किती? आवाराला फेऱ्यांवर फेऱ्या. पहिला, दुसरा, "ही बघ, तिसरा टाकला!", वळण, ब्रेक, पुन्हा पहिला. पदर खिडकीबाहेर फडफडतोय, अंबाडा सुटलाय, आणि बाई स्वतःलाच सूचना देतायत, शाळेतल्या आवाजात: "डोईफोडे, क्लच! शाब्बास. डोईफोडे, आरशात बघ! लक्ष कुठंय?" रिव्हर्सही घेतला. तो जरा वाकडा गेला, तर स्वतःच म्हणाल्या, "चूक. पुन्हा काढ," आणि पुन्हा काढला. मी मांडी घालून बसले होते आणि हसू आवरत नव्हतं. गाडी उड्या मारत होतीच, पण आता मी त्या उड्यांवर बसले होते.

बाराव्या की तेराव्या फेरीला आईनं माझ्या खांद्यावर बोट टोचलं. मी वळले. तिनं पाटी पुढे केली: 'उतर.'

"आता? एकट्यांना?"

आईनं होकारार्थी मान हलवली. आवार चारी बाजूंनी बंद, फाटकाला कडी, आम्हा तिघींशिवाय माणूस नाही. तरी मला उतरवेना. मी दोन मिनिटं चप्पल शोधायचं नाटक केलं. बाईंनी गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना माझ्या आधी कळलं.

"उतर गं बाई," त्या म्हणाल्या, "तुझं वजन उगीच."

आम्ही दोघी मायलेकी आवाराच्या मधोमध उभ्या राहिलो आणि बाई एकट्या आमच्याभोवती फिरू लागल्या. गाडीच्या काचेआड त्यांचं डोकं एवढंसं दिसत होतं. पहिल्या फेरीला त्यांनी आमच्याकडे बघितलं. दुसऱ्या फेरीला बघितलं नाही.

तेव्हा मला एकदम माझा पहिला सोलो आठवला. शिकणारा पहिल्यांदा एकटा उडतो त्याला आम्ही सोलो म्हणतो. शिकवणारा धावपट्टीच्या टोकाशी विमानातून उतरतो, दार लावतो आणि विमान तुमच्या एकट्याचं होतं. त्या दिवशी मी वर गेल्या गेल्या मोठमोठ्यानं गाणं म्हटलं होतं, बेसूर, कारण शेजारची सीट रिकामी होती. उतरताना मला खाली सोनटक्के सर दिसले होते. उन्हात धावपट्टीच्या कडेला उकिडवे बसलेले, मान खाली घालून काहीतरी करत असलेले. मला वाटलं होतं, कंटाळलेत बिचारे. त्यांच्याबद्दल मी त्या दिवशी दुसरा विचारच केला नव्हता. मी आभाळात होते ना.

आणि आता जिनिंगच्या आवारात उभी राहून मी बघत होते तर माझे दोन्ही तळवे घामानं निथळत होते, गुडघे लटपटत होते, आणि छातीत असं काही भरून आलं होतं की ते बाहेर पडायला मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडलेही. काय ते आठवत नाही. बहुतेक "बाऽऽऽई!" एवढंच. आईनं माझं मनगट धरलं, तर तिचाही हात ओला.

सोमवारी साडेअकराला आरटीओच्या मैदानावर बाईंचा नंबर लागला. आम्हाला कंपाउंडच्या आत सोडत नव्हते. भिंतीबाहेर एक जागा होती जिथून आठाचा आकडा काढायचा ट्रॅक दिसायचा, आणि आई विचार न करता सरळ त्या जागेवर जाऊन उभी राहिली. शेजारच्या चहावाल्यानं तिच्याकडे न बघताच कटिंग पुढे केला. म्हणाला, "मॅडम, आज कोण?" आईनं बोटानं दाखवलं. "अरे देवा, त्या बाई!" तो म्हणाला आणि स्टोव्ह बारीक करून आमच्यात येऊन उभा राहिला.

बाईंनी गाडी सुरू केली. शेजारी साहेब, मांडीवर पॅड. गाडी आठाच्या पहिल्या गोलात शिरली आणि माझा उजवा पाय उभ्या उभ्याच जमिनीवर ब्रेक दाबायला लागला.

"तुला दर वेळी असं होतं?" मी आईला विचारलं.

तिनं मान डोलावली.

"एकोणीस वर्षं?"

मान.

"अगं मग कशाला करतेस हे?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी एवढं शिकली आणि काय हे. पाटी तिच्या गळ्यातच होती. तिनं खडू उचललाही नाही. फक्त हनुवटीनं समोर दाखवलं.

समोर बाई आठाच्या मध्यावर आल्या होत्या. तेवढ्यात साहेबांना ठसका लागला. आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आला. चहावाल्यानं डोळे मिटले. गाडी थांबली नाही. बाईंनी एक हात स्टिअरिंगवरून काढला, दोन सीटच्या मधून पाण्याची बाटली उचलून साहेबांपुढे धरली, नजर समोरच, आणि आठाचा दुसरा गोल पुरा केला. साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी पॅडवर काहीतरी खरडलं.

रिव्हर्स सरळ गेला.

चहावाल्यानं आधी मला मिठी मारली, मग दचकून सोडलं, मग आईला हात जोडले आणि धावत जाऊन उतू गेलेला चहा उतरवला. मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून खाली बसले. बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी फोन काढला.

"सर, मंजिरी कच्छवे."

"बोल," सोनटक्के सर म्हणाले. "बाराला दहा कमी. म्हणजे नाही म्हणणार. हो म्हणणारे आदल्या दिवशी फोन करतात."

"सर, आधी एक विचारायचंय. माझ्या पहिल्या सोलोला, मी वर असताना, तुम्ही खाली काय करत होतात?"

 त्यांच्या मागे कुठेतरी सेसनाचं इंजिन गुरगुरत होतं.

"गवत उपटत होतो."

"काय?"

"धावपट्टीच्या कडेचं गवत. तू शेवटचं वळण फार लांब घेतलंस, म्हणून जरा जास्तच उपटलं गेलं. आपला माळी म्हणाला, साहेब, असे दोन-चार अजून वर सोडा, मला सुट्टी मिळेल."

"आणि मी उतरल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात की फ्लॅप उशिरा घेतलेस!"

"मग काय, रडू तुझ्यासमोर?"

मला हसू फुटलं. भिंतीपलीकडे बाई गाडीतून उतरून साहेबांना काहीतरी समजावून सांगत होत्या, बहुधा ठसक्यावरचं औषध.

"सर, मी येते."

"आणि दिल्ली?"

"दिल्लीला आत्ताच नाही कळवते."

"नीट विचार केलायस?"

"नाही सर," मी खरं ते सांगून टाकलं. "मी आत्ता फार आनंदात आहे. विचार करायला बसले तर कदाचित नाही म्हणेन."

"मग बसू नकोस," सर म्हणाले. "गुरुवारी ये. पहिली गाडी पकडून."

दिल्लीच्या जागेवर माझ्याऐवजी आमच्याच बॅचचा एक मुलगा गेला. आज तो मोठ्या जेटचा कॅप्टन आहे, कुठल्या कुठल्या देशातून फोटो पाठवतो, आणि एखाद्या फोटोनं मी दिवसभर जळतेही. ते खोटं कशाला सांगू? पण आतापर्यंत अठ्ठावन्न जणांना मी एकटं सोडलंय. अठ्ठावन्न वेळा विमानातून उतरून दार लावलंय, आणि एकदाही गुडघे शहाणे झाले नाहीत. सोनटक्के सर निवृत्त झाले. धावपट्टीच्या कडेला गवत असतंच.

त्या सोमवारचं मात्र थोडं सांगायचं राहिलं.

तिसऱ्या प्रहरी बाईंच्या हातात लायसन्सचं कार्ड पडलं. त्यांनी त्यावरचा फोटो न्याहाळला, "ही कोण म्हातारी?" म्हणाल्या, कार्ड पर्समध्ये ठेवलं, आईच्या आणि माझ्या हातावर एकेक पेढा ठेवला आणि गेल्या. आभार वगैरे काही नाही. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "तू बरी शिकवतेस. बोलतेस फार."

सहाच्या सुमारास आम्ही दोघी स्कूलच्या पायरीवर बसलो होतो. विश्वंभर स्कूटरवरून आले. बँकेतून थेट आले असावेत. शर्टाच्या खिशाला ओळखपत्र तसंच होतं. हेल्मेट काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"मॅडम, आई इथं आलीय का?"

आईनं नकारार्थी मान हलवली.

"घरी नाही. दारात गाडी नाही. ताडपत्री नीट घडी करून ओट्यावर ठेवलीय. फोन टीव्हीजवळच आहे. तुम्हाला काही बोलली का, कुठं जायलीय?"

"नाही," मी म्हणाले.

"परत कधी येणार?"

"काही म्हणाल्या नाहीत."

"मग सोबत कोण गेलंय तिच्या?"

मी आईकडे पाहिलं. तिनं हसू दाबायला ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोणी नाही, दादा," मी म्हणाले. "एकट्या गेल्यात."

आणि ते म्हणताना मला इतका आनंद झाला की त्या बिचाऱ्यांना पाणी विचारायचंही राहून गेलं.